उपग्रह दूरध्वनी सेवेचे शासकीय नियमन : परवाना, सुरक्षा आणि संकटकालीन संपर्क

प्रस्तावना

साधा भ्रमणध्वनी संच कोणीही दुकानात जाऊन विकत घेऊ शकतो. उपग्रह दूरध्वनीच्या बाबतीत मात्र भारतात तशी मुभा नाही. शासनाच्या परवानगीवाचून असा संच वापरणेच नव्हे, तर नुसता जवळ बाळगणेही कारवाईस पात्र ठरते. जगातील अनेक देशांत गिर्यारोहक, खलाशी आणि पत्रकार हे यंत्र सहजपणे जवळ बाळगतात. तेच यंत्र भारताच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीत आढळले, तर प्रवाशाला पोलीस ठाण्यात जावे लागू शकते. एकाच यंत्राकडे पाहण्याच्या दृष्टीत एवढे अंतर का पडावे, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'राष्ट्रीय सुरक्षा' या दोन शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. सुरक्षेचा प्रश्न नेमका कोठे निर्माण होतो, परवाना नेमका कशाचा दिला जातो आणि या निर्बंधाचा भार कोणावर पडतो, हे समजल्याखेरीज या धोरणाचे मूल्यमापन करता येत नाही. उपग्रह दूरध्वनीच्या नियमनाचा खरा विषय यंत्र हा नसून संदेशाचा मार्ग हा आहे. आकाशात गेलेला संदेश कोणत्या देशाच्या भूमीवर उतरतो, या एका मुद्द्याभोवती भारतातील परवाना पद्धती उभी आहे. प्रस्तुत लेखात या मुद्द्याच्या आधारे तांत्रिक, कायदेशीर आणि सामाजिक अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

उपग्रह दूरध्वनीचे तंत्र आणि गेटवेचे स्थान

साध्या भ्रमणध्वनीत संचाकडून निघालेल्या रेडिओ लहरी जवळच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतात. तेथून पुढे संभाषणाचा प्रवास तारांमधून आणि विनिमय केंद्रांमधून होतो. मनोरा, केंद्र आणि सेवा देणारी कंपनी ही सर्व देशाच्या हद्दीत असतात. साहजिकच देशाचा कायदा त्या सर्वांना लागू होतो.

उपग्रह दूरध्वनीत मनोऱ्याची जागा अवकाशातील उपग्रह घेतो. संचाकडून निघालेला संदेश उपग्रहाकडे जातो, उपग्रह तो जमिनीवरील मोठ्या भूकेंद्राकडे पाठवतो आणि तेथून तो सार्वजनिक दूरध्वनी जाळ्यात मिसळतो. या भूकेंद्राला दूरसंचाराच्या परिभाषेत 'गेटवे' म्हणतात. संच एका देशात आणि गेटवे दुसऱ्या देशात, अशी व्यवस्था येथे सहज शक्य असते. नियमनाच्या सर्व अडचणींचे मूळ या शक्यतेत आहे.

उपग्रहांच्या कक्षेनुसार या सेवांचे दोन प्रमुख प्रकार पडतात. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह पृथ्वीवरून पाहता एका जागी स्थिर भासतात. इन्मारसॅट आणि थुराया या सेवा अशा उपग्रहांवर आधारलेल्या आहेत. एक भूस्थिर उपग्रह पृथ्वीचा फार मोठा भाग व्यापतो. त्यामुळे दूरवरच्या एकाच गेटवेतून अनेक देशांना सेवा देता येते. एवढ्या उंचीवर जाऊन परत येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो आणि तो विलंब संभाषणात जाणवतो.

दुसरा प्रकार निम्न कक्षेतील उपग्रहांच्या समूहाचा आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या इरिडियम सेवेत सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ कार्यरत उपग्रहांची मालिका आहे. तिचे उपग्रह परस्परांशी थेट जोडलेले असतात. एखाद्या देशातून केलेला कॉल एका उपग्रहावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा अवकाशातूनच प्रवास करत दुसऱ्या खंडातील गेटवेवर उतरू शकतो. ग्लोबलस्टार सेवेच्या मूळ उपग्रहांत अशी परस्पर जोडणी नव्हती. त्यामुळे संच आणि गेटवे हे दोन्ही एकाच वेळी एकाच उपग्रहाच्या टप्प्यात असावे लागत. तांत्रिक वाटणाऱ्या या फरकाला कायद्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. पहिल्या रचनेत ज्या देशात संच वापरला जातो त्या देशातील भूकेंद्राची सेवेला तांत्रिकदृष्ट्या गरजच उरत नाही.

कायदेशीर चौकट : १८८५ ते २०२३

भारतात दूरसंचारावरील शासनाचा अधिकार भारतीय तार अधिनियम, १८८५ या कायद्यातून आला. त्याच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाकडे ठेवला आणि इतरांना परवाना देण्याची मुभाही शासनालाच दिली. 'तार' या शब्दाच्या व्याख्येत पुढे रेडिओ लहरींद्वारे होणारे संदेशवहनही आले. त्यामुळे तारेच्या युगातील हा कायदा उपग्रहाच्या युगातही लागू राहिला.

संच जवळ बाळगण्यावरील निर्बंध मात्र भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ या कायद्याने आणला. परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली. सहाव्या कलमात शिक्षेची तरतूद होती. बिनतारी प्रक्षेपक विनापरवाना बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे तिचे स्वरूप होते. उपग्रह दूरध्वनी हा स्वतः लहरी प्रक्षेपित करणारा संच असल्याने तो या तरतुदीच्या कक्षेत आला. साधा भ्रमणध्वनीही प्रक्षेपकच आहे. परंतु परवानाधारक कंपनीच्या जाळ्यावर चालणाऱ्या अशा संचांसाठी ग्राहकाने स्वतंत्र परवाना घेण्याची आवश्यकता ठेवण्यात आलेली नाही. दोन्ही यंत्रांतील कायदेशीर भेद असा आहे.

या दोन कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला. त्यातील काही कलमे २६ जून २०२४ पासून आणि आणखी काही ५ जुलै २०२४ पासून अंमलात आली. नव्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात दूरसंचार सेवा देणे, दूरसंचार जाळे उभारणे आणि रेडिओ उपकरण बाळगणे या तीन गोष्टींसाठी शासनाची प्राधिकृती आवश्यक मानली आहे. प्राधिकृतीवाचून सेवा दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शब्द बदलले, दंडाच्या रकमा वाढल्या. मात्र परवानगीचे मूळ तत्त्व कायम राहिले.

येथे आणखी एका न्यायालयीन निर्णयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणात फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि तिचे नियमन सार्वजनिक हितासाठी झाले पाहिजे, असे प्रतिपादन केले. परवाना देणे ही शासनाची केवळ मर्जी नसून ती विश्वस्ताची जबाबदारी आहे, असा या निर्णयाचा मथितार्थ सांगता येईल. उपग्रह दूरध्वनीच्या धोरणालाही हीच कसोटी लावावी लागते.

जीएमपीसीएस परवान्याचा आशय

हातात मावणाऱ्या संचावर थेट उपग्रहातून मिळणाऱ्या सेवेला आंतरराष्ट्रीय परिभाषेत 'जीएमपीसीएस', म्हणजे उपग्रहाद्वारे जागतिक भ्रमण वैयक्तिक संपर्क सेवा, असे नाव आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पुढाकाराने १९९६ मध्ये या विषयावर जागतिक विचारविनिमय झाला आणि १९९७ मध्ये सामंजस्य करार तयार झाला. संच एका देशातून दुसऱ्या देशात नेताना अडचणी कमी व्हाव्यात, असा त्याचा उद्देश होता. तथापि आपल्या हद्दीत सेवेला परवानगी द्यावी की नाही, हा प्रत्येक राष्ट्राचा सार्वभौम अधिकार अबाधित राहिला.

भारताच्या १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात या सेवेला स्वतंत्र स्थान मिळाले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी परवान्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. त्यांतील मध्यवर्ती अट सेवा देणाऱ्याचा गेटवे भारतात असावा, ही होती. पुढे २०१३ च्या एकीकृत परवाना पद्धतीत ही सेवा एक स्वतंत्र प्राधिकृती म्हणून समाविष्ट झाली आणि तिचे प्रवेश शुल्क एक कोटी रुपये ठेवण्यात आले.

सेवा प्रत्यक्ष सुरू होण्यासाठी केवळ हा परवाना पुरत नाही. दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून वर्णपटाचे, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या पट्ट्याचे, वाटप व्हावे लागते. उपग्रहाच्या क्षमतेच्या वापरासाठी २०२० मध्ये स्थापन झालेल्या 'इन-स्पेस' या संस्थेची मान्यता लागते. सुरक्षा यंत्रणांची संमती लागते. परवाना ही एकच घटना नसून परस्परांवर अवलंबून असलेल्या मान्यतांची साखळी आहे.

गेटवेच्या अटीमागील तर्क संभाषणावरील वैध देखरेखीशी निगडित आहे. तार अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश रोखण्याचा वा ऐकण्याचा आदेश शासनाला देता येत असे. या अधिकाराचा दुरुपयोग होऊ नये म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कार्यपद्धती घालून दिली. पुढे तार नियमांत ४१९-अ हा नियम आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या कायद्याखालील नियमांनी त्याची जागा घेतली. कोणी आदेश द्यावा, तो किती काळ टिकावा आणि त्याचे पुनर्विलोकन कोणी करावे, हे या नियमांनी ठरवले आहे.

ही संपूर्ण कार्यपद्धती सेवा देणारी कंपनी आणि तिचे केंद्र भारतीय कायद्याच्या कक्षेत आहेत, असे गृहीत धरते. गेटवे परदेशात असेल तर भारतीय यंत्रणेचा आदेश तेथे चालत नाही. या वस्तुस्थितीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गेटवे परदेशात असेल तर नागरिकाला भारतीय न्यायालयांनी दिलेले संरक्षणही तेथे पोहोचत नाही. त्याचे संभाषण कोणत्या देशाची कोणती यंत्रणा ऐकते, याबद्दल त्याला येथे दाद मागता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केल्यानंतर ही बाजू अधिकच महत्त्वाची ठरते. गेटवेची अट शासनाच्या सोयीची आहे, तशीच ती, योग्य रीतीने राबवल्यास, नागरिकाच्याही हिताची आहे.

मुंबईवरील हल्ला आणि बंदीचे दृढीकरण

भारतात परवानगी नसलेल्या उपग्रह दूरध्वनींबद्दल सुरक्षा यंत्रणांना पूर्वीपासून चिंता होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्याने तिला निर्णायक वळण दिले. हल्लेखोरांनी समुद्रात बळकावलेल्या 'कुबेर' या मासेमारी नौकेवर थुराया कंपनीचा उपग्रह दूरध्वनी संच सापडला. १६६ जणांचा बळी घेणाऱ्या या घटनेनंतर सागरी मार्ग आणि उपग्रह दूरध्वनी यांचा संबंध केवळ तर्काचा विषय राहिला नाही.

थुरायाचे मुख्य भूकेंद्र संयुक्त अरब अमिरातीत होते. समुद्रातून केलेला कॉल भारतीय भूमीला स्पर्श न करता तेथे उतरत असे. इरिडियमच्या बाबतीतही भारतात परवानाधारक सेवा कार्यरत नव्हती. या पार्श्वभूमीवर मुंबईत मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाने २०१२ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या आदेशाद्वारे भारतीय जलक्षेत्रात थुराया, इरिडियम आणि तत्सम उपग्रह दूरध्वनींच्या अनधिकृत वापरास मनाई केली. भारतीय बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांवरील खलाशांनाही या आदेशाची दखल घ्यावी लागते.

पुढील काळात या क्षेत्रात एक विसंगती निर्माण झाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मे २०१८ मध्ये जागतिक सागरी संकट व सुरक्षा प्रणालीसाठी इरिडियमला मान्यता दिली. जहाजाच्या सुरक्षिततेसाठी जगाने मान्य केलेल्या जाळ्याचाच हातातील संच भारतात मात्र संशयास्पद राहिला. या विसंगतीला केवळ धोरणाचा हट्ट म्हणता येत नाही. जहाजावर बसवलेले नोंदणीकृत यंत्र आणि कोणाच्याही खिशात जाऊ शकणारा संच यांतील फरक वास्तविक आहे. परंतु या फरकाची स्पष्ट वर्गवारी नियमांत असणे आवश्यक आहे, हे त्यावरून लक्षात येते.

अधिकृत सेवेचा प्रवास : आर्वी ते गाझियाबाद

बंदीच्या चर्चेत एक गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. भारतात उपग्रह दूरध्वनी सेवा सरसकट निषिद्ध कधीच नव्हती. सागरी सुरक्षेच्या हेतूने १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्मारसॅट या संस्थेची सेवा भारतात विदेश संचार निगमामार्फत मिळत असे. निगमाचे भूकेंद्र पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे होते. २००२ मध्ये निगमाचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये तिचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले.

त्यानंतर ही जबाबदारी सार्वजनिक क्षेत्रातील भारत संचार निगमाकडे आली. मे २०१७ मध्ये निगमाने इन्मारसॅटच्या साहाय्याने उपग्रह दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा गेटवे गाझियाबाद येथे आहे. आपत्ती निवारण यंत्रणा, राज्य पोलीस दले, रेल्वे आणि सीमा सुरक्षा दल अशा शासकीय संस्थांना प्रथम सेवा द्यावी आणि नंतर टप्प्याटप्प्याने इतरांकडे वळावे, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. याखेरीज निगमाची डिजिटल उपग्रह दूरध्वनी टर्मिनले दुर्गम गावांतील सार्वजनिक दूरध्वनींसाठी आणि निमलष्करी दलांसाठी वापरली गेली.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. गेटवे देशात आला की तेच तंत्रज्ञान शासन स्वतः वापरते आणि इतरांनाही देते. त्याच वेळी, अधिकृत सेवा उपलब्ध असणे आणि ती सामान्य गरजवंताच्या आवाक्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संचाची किंमत, मिनिटागणिक आकार आणि परवानगीची प्रक्रिया या तिन्ही पायऱ्या ओलांडणे मोठ्या संस्थेला शक्य होते. एका नौकेच्या तांडेलाला ते सहज शक्य होत नाही.

निर्बंधाचा भार कोणावर ?

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या 'ओखी' चक्रीवादळात केरळ व तमिळनाडूतील अनेक मच्छीमार खोल समुद्रात सापडले. त्यांपैकी पुष्कळ जण परतले नाहीत. काही नौका वादळातून भरकटत महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात ६८ नौका आणि त्यांवरील ९५२ मच्छीमार सुखरूप पोहोचल्याचे महाराष्ट्र शासनाने त्या वेळी जाहीर केले. अशा प्रसंगी किनाऱ्यावरील कुटुंबांना आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे कळण्याचे साधन काय, हा प्रश्न तेव्हा तीव्रतेने पुढे आला. भ्रमणध्वनीचा टप्पा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपतो आणि अतिउच्च वारंवारतेचा बिनतारी संचही खोल समुद्रातून किनाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. येथे उपग्रहाला पर्याय नाही.

दुसरे उदाहरण प्रवाशांचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळांवर परदेशी प्रवाशांच्या सामानात उपग्रहाशी जोडणारी लहान यंत्रे आढळल्याने त्यांच्यावर कारवाई झाली. अशा यंत्रांवर बोलता येत नाही. त्यांच्यातून लघुसंदेश, स्थाननिर्देश आणि मदतीची हाक पाठवता येते. डोंगरवाटांवर धावणारे आणि गिर्यारोहण करणारे लोक सुरक्षिततेसाठी ती जवळ बाळगतात. तथापि हा संदेशही परदेशी जाळ्यातून परदेशात उतरतो. म्हणून कायद्याने त्यांना उपग्रह दूरध्वनीच्याच पंक्तीत बसवले. जानेवारी २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना या निर्बंधाची माहिती प्रवाशांना देण्याची सूचना केली. माहितीअभावी घडणारा गुन्हा टाळण्यासाठी हे पाऊल आवश्यक होते.

सुरक्षा यंत्रणांची चिंता निराधार नाही, हे दाखवणारे प्रसंगही याच काळात घडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात एका म्यानमारी नौकेवरून सुमारे सहा हजार किलो अंमली पदार्थ जप्त केले. त्या नौकेवर स्टारलिंकचे उपग्रह इंटरनेट उपकरणही सापडले. त्या वेळी स्टारलिंकला भारतात परवाना नव्हता. एकाच प्रकारचे साधन संकटग्रस्ताला आणि तस्कराला सारखेच उपयोगी पडते. नियमनाची कसोटी या दोघांत भेद करता येण्यात आहे.

नवा कालखंड : परवान्यांचे उदारीकरण आणि नव्या अटी

गेल्या काही वर्षांत निम्न कक्षेतील हजारो उपग्रहांच्या समूहांनी या क्षेत्राचे स्वरूप बदलले आहे. वनवेब कंपनीला २०२१ मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये जीएमपीसीएस परवाना मिळाला. या कंपन्यांचा भर दूरध्वनीपेक्षा इंटरनेट सेवेवर असला तरी परवान्याचा प्रकार तोच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम यांसारख्या जिल्ह्यांत जोडणी देण्याच्या उद्देशाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. त्यामुळे हा विषय आता महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षण व आरोग्य सेवेशीही जोडला गेला आहे.

परवाने देताना शासनाने अटीही कडक केल्या. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जारी केलेल्या सुरक्षाविषयक निर्देशांत भारतातील वापरकर्त्यांची वाहतूक भारतातील गेटवेतूनच जावी, विदा देशातच राहावी आणि सीमेलगतच्या ५० किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष देखरेख असावी, अशा तरतुदी आहेत. उपग्रहांच्या परस्पर जोडणीमुळे गेटवेची तांत्रिक गरज नाहीशी होत असली, तरी कायदेशीर गरज अशा रीतीने कायम ठेवण्यात आली आहे. २००१ मधील मूळ तत्त्व २०२५ मध्ये अधिक तपशिलाने पुन्हा मांडले गेले, असे म्हणता येईल.

वर्णपटाच्या वाटपाचा प्रश्नही या काळात निकाली निघाला. भ्रमणध्वनीसाठी वर्णपट लिलावाने दिला जातो. उपग्रह सेवेत मात्र एकच वारंवारता अनेक कंपन्या समन्वयाने वापरू शकतात आणि उपग्रहाचा प्रकाशझोत राज्यांच्या वा देशांच्या सीमा पाळत नाही. त्यामुळे २०२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जीएमपीसीएससह काही उपग्रह सेवांसाठी लिलावाऐवजी प्रशासकीय वाटपाची तरतूद करण्यात आली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये समायोजित सकल महसुलाच्या चार टक्के वर्णपट आकार घेण्याची शिफारस केली.

यापुढील आव्हान अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडात साध्या भ्रमणध्वनी संचातूनच उपग्रहाद्वारे मदतीचा संदेश पाठवण्याची सोय सुरू झाली. प्रत्येक खिशातील संच उपग्रहाशी बोलू लागला, तर 'संच बाळगण्यास मनाई' या १९३३ च्या कल्पनेचा उपयोग मर्यादित होईल. सामान तपासून जे साधता येत होते, ते गेटवेच्या आणि सेवेच्या परवान्यातूनच साधावे लागेल.

विचारार्थ काही मुद्दे

वरील विवेचनावरून धोरणाच्या दृष्टीने पुढील मुद्दे महत्त्वाचे वाटतात.

१) केवळ संकटसंदेश पाठवणारी यंत्रे आणि संभाषणाचे संच यांची नियमांत स्वतंत्र वर्गवारी असावी. आपत्तीच्या काळात दूरसंचार साधनांवरील नियामक अडथळे कमी करावेत, हे तत्त्व १९९८ च्या टाम्पेरे करारात आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडले गेले आहे. पूर्वनोंदणी करून मर्यादित मुदतीसाठी परवानगी देण्याची सुलभ पद्धत या वर्गासाठी विचारात घेता येईल.

२) देशी पर्यायांचा विस्तार हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. इस्रोने विकसित केलेले संकटसूचक प्रक्षेपक मच्छीमार अनेक वर्षे वापरत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत हाक पोहोचल्याची पोच समुद्रातील नौकेला मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून मासेमारी नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. येथे संदेश भारतीय उपग्रहातून भारतीय भूमीवर उतरतो. म्हणूनच शासन असे यंत्र स्वतः मच्छीमाराच्या हाती देते.

३) अधिकृत उपग्रह दूरध्वनीचा खर्च दुर्गम भागातील गरजवंतांना परवडावा यासाठी सार्वत्रिक सेवा निधीचे नवे रूप असलेल्या डिजिटल भारत निधीचा उपयोग करता येण्यासारखा आहे.

४) परवानगीसाठी कोणाकडे अर्ज करावा आणि किती दिवसांत निर्णय मिळेल, हे प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध व्हावे. महाविद्यालयांच्या गिर्यारोहण मोहिमा, भूशास्त्रीय सर्वेक्षणे आणि सागरी अभ्यास यांच्या नियोजनातही ही माहिती उपयोगी पडेल. परदेशी अभ्यासक अशा मोहिमांत सहभागी होणार असतील, तर त्यांना ती प्रस्थानापूर्वीच कळवणे संयोजकांचे कर्तव्य ठरते.

समारोप

उपग्रह दूरध्वनीवरील निर्बंधांकडे केवळ स्वातंत्र्याचा संकोच म्हणून पाहणे एकांगी ठरेल आणि सुरक्षेच्या नावाखाली प्रत्येक निर्बंध निर्विवाद मानणेही तितकेच एकांगी ठरेल. संदेश कोणत्या भूमीवर उतरतो, हा भारतीय धोरणाचा कणा आहे आणि त्यामागे तर्क आहे. या तर्काचा स्वाभाविक निष्कर्ष असा की, संदेश देशात उतरवण्याची व्यवस्था झाल्यावर शासनाची जबाबदारी संपत नाही. त्या व्यवस्थेचा लाभ खोल समुद्रातील नौकेपर्यंत आणि मनोरा नसलेल्या पाड्यापर्यंत पोहोचवणे, हा त्या जबाबदारीचा उत्तरार्ध आहे. परवाना देणाऱ्याने किती यंत्रे रोखली, या हिशेबाबरोबरच संकटातील किती हाका योग्य वेळी ऐकल्या गेल्या, हा हिशेबही नियमनाच्या मूल्यमापनात मांडला गेला पाहिजे.